नाक वच्छलाचं, नाव माझं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका जुन्या पिकअपपाशी केलेलं भांडण. लोक म्हातारपणी जोडीनं तीर्थाला जातात, फोटो काढतात, प्रसादाचे लाडू वाटतात. आम्ही नरखेडकडच्या एका संत्रावाल्याच्या गाडीत पेट्रोलचा वास कुठून येतो ते शोधत होतो. म्हणजे शोधत ती होती. मी गाडीखाली पोतं टाकून लोळत होतो आणि शोधल्यासारखं करत होतो.

होळीच्या आधीचे दिवस होते. दुपारी ऊन कडक झालेलं. वच्छला चहा घेऊन आली. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. मग कप तिनं मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या भागात, केबिनच्या पाठीला लागून कोपऱ्यात ठेवला.

"वर काहून ठेवला वं?" मी खालून ओरडलो.

"तिथंच ठेवाचा होता."

"मी आता चहासाठी डाल्यात चढू काय? खाली दे."

"खाली नाही. तिथंच आहे तुमचा चहा."

गाडीचा मालक गुलाबराव स्टुलावर बसून होता. पन्नाशीचा माणूस, मिशा मोठ्या, जीव लहान. तो म्हणाला, "द्या ना काकू खाली. काका काय आता चढतीन?"

"तुले काय समजते गा चहातलं? तू चूप बस."

"वर काही नाही," मी म्हणालो. "जे आहे ते खालीच आहे."

"असू द्या."

"तुहे गुडघे दुखतात म्हणून वाकत नाहीस तू. सरळ सांग ना."

"माहे गुडघे दुखतात, नाक नाही दुखत," असं म्हणून ती आत गेली. गुलाबरावाला वाटलं, म्हातारा-म्हातारी चहावरून भांडून राहिले. चहावरून भांडायला आम्ही काय नवीन लग्नाचे होतो? ते भांडण कशावरून होतं हे सांगायचं तर आधी धंदा सांगावा लागेल.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या कामाबद्दल मनातलं लिहा. इंजिनाची धडधड आणि माणसाचं काळीज, असं काहीतरी." मी म्हणालो, साहेब, इंजिन धडधडलं तर त्याचं माउंटिंग तुटलेलं असतं. त्यात मनातलं काही नसतं. मी चौथीत शाळा सोडली, शाळेनंही मला अडवलं नाही. तेव्हा मला येतं तेवढंच लिहितो.

पेट्रोल जळतं असं लोक म्हणतात. चूक आहे. जळते ती पेट्रोलची वाफ. नागपूरच्या उन्हात टाकीतलं पेट्रोल सारखं वाफ सोडत राहतं. ती वाफ बाहेर जाऊ नये म्हणून टाकी बंद असते. वाफ एका बारीक नळीनं एका काळ्या डब्यात जाते. डब्यात कोळसा असतो. तो वाफ धरून ठेवतो, आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. बस, एवढंच. झाकणाचं रबर, नळ्या, सांधे, डबा, यातलं काहीही फाटलं की वाफ निसटते. पेट्रोल गळलं तर खाली डाग पडतो, आंधळ्यालाही सापडतो. वाफेचा डाग पडत नाही. ती नुसती वास मारते. आणि वाफ हवेपेक्षा जड, म्हणून निसटते एकीकडून आणि वास येतो दुसरीकडून. तिला शोधायला डोळे कामाचे नाहीत. नाक पाहिजे.

आणि नाक मला नव्हतं.

तरुणपणी आम्ही टाकीतलं पेट्रोल नळी तोंडात धरून ओढायचो. किती वेळा ते घशात गेलं त्याचा हिशेब नाही. नाक कधी गेलं तेही कळलं नाही. ते काही दाढ पडते तसं हातात येत नाही. कळलं ते वच्छलाला. एका उन्हाळ्यात दुपारचं वरण आंबलेलं होतं, ती फेकायलाच निघाली होती, आणि मी ते मागून घेऊन भुरकलं आणि वर म्हणालो, "आज मस्त झालं." ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं कांदा माझ्या नाकाशी धरला, मग हिंगाची डबी, मग रॉकेलची बाटली. मी म्हणालो, "हे काय नाटक लावलं?" ती म्हणाली, "बोंबला. तुमचं नाक मेलं."

मिस्त्रीचं नाक मेलं हे गिऱ्हाइकाला कळलं तर धंदा बसतो. म्हणून तिनंच तोड काढली. गाडी आली की ती चहा घेऊन येणार. सहज म्हणून गाडीला एक चक्कर मारणार. आणि जिथं वास येईल तिथं कप ठेवणार. मागच्या चाकापाशी ठेवला, मी मागचं चाक पाहणार. बॉनेटवर ठेवला, बॉनेट उघडणार. लोक म्हणायचे, "मिस्त्री गजबचा माणूस आहे, चहा पिता पिता फाल्ट सापडवते." मी मिशीत हसायचो. त्या वेळी मिशी होती.

संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी हात तिच्या नाकाशी धरायचे हा दुसरा नियम. ती हुंगायची आणि म्हणायची, "जा, अजून धुवा." परत धुवायचे, परत धरायचे. तिनं मान हलवली की भाकर ताटात. तिला गिऱ्हाइकाच्या पेट्रोलचा राग नव्हता, भाकरीला त्याचा वास लागला की मात्र राग यायचा.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक साहेब होते. पंपावर टाकी भरताना गाडी मागून दोन्ही हातांनी हलवायचे. का, तर हवा निघून अजून थोडं बसते. टाकी गळ्यापर्यंत. मग उन्हात पेट्रोल फुगलं की ते थेट त्या कोळशाच्या डब्यात शिरायचं आणि डबा ओला व्हायचा. ओल्या कोळशाचं पुढं काय होतं ते कोणत्याही सुनेला विचारा. मी डबा बदलला आणि सांगितलं, पंप आपोआप बंद पडला की थांबत जा. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांचा अनुभव आहे आम्हाला भरायचा." परत आलेच. वच्छलानं कप डब्यापाशी ठेवला आणि आत जाता जाता म्हणाली, "हे पोट फुटेपर्यंत जेवाचं लग्नात असते, भाऊसाहेब." साहेब हसले. पुढच्या वेळी पुन्हा आले.

दुसरा एक ड्रायव्हर. त्याला कोण्या उस्तादानं सांगितलं की उन्हाळ्यात टाकीला श्वास लागतो. यानं झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं. वर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून भोकावर च्युइंगम लावला. गाडीत बिडी ओढत यायचा. मी म्हणालो, "बापा, एकतर भोक ठेव नाहीतर बिडी ठेव. दोन्ही ठेवलं तर तू राहणार नाहीस." त्यानं नवीन झाकण घेतलं आणि बिडी ठेवली. तो अजून जिवंत आहे. देव असतो असं मला वाटतं ते अशा लोकांमुळे.

कामठीचे एक नवरदेव होते. नवीन लग्न, जुनी कार, आत पेट्रोलचा वास. त्यांनी त्यावर अत्तर मारलं. मग अत्तरावर दुसरं अत्तर. गाडी आली तेव्हा वच्छला चहा घेऊन निघाली आणि दारातूनच परत फिरली. "ह्या गाडीत नाही हुंगू शकत मी," ती मला आत बोलावून म्हणाली, "याच्यात पेट्रोल, चमेली आन् गुलाब तिघंही भांडून राहिले." ती गाडी दारं उघडून उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तपासली. पाइपचा एक क्लिप ढिला निघाला. क्लिपवर अत्तर मारून तो घट्ट होत नाही, हे सांगायलाही मिस्त्री लागतो.

आणि आमच्या रस्त्यावरच एक कारागीर होता. त्यानं कुठंतरी पाहिलं की वाफेची गळती शोधायला नळीत धूर सोडतात. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याचं वेगळं यंत्र असतं, ठिणगी नसते. यानं काय केलं? उदबत्तीचा जुडगा पेटवून टाकीच्या तोंडाशी धरला. टाकी रिकामी होती म्हणून निर्धास्त होता. रिकामी म्हणजे वाफेनं भरलेली, हे त्याला नंतर समजलं. भिवया गेल्या. पुढं कित्येक दिवस तो चकित झाल्यासारखा दिसायचा.

त्यापेक्षा आमची पद्धत गावठी पण शहाणी. नाकानं जागा अंदाजे कळली की तिथं फेस लावायचा आणि टाकीत सायकलच्या पंपानं हळूच हवा द्यायची. जिथं फाटलेलं तिथं बुडबुडा. फेस साबणाचा नाही, रिठ्याचा. साबण वाळतो आणि चिकट थर राहतो. रिठ्याचा फेस धरून राहतो आणि पुसला की गेला. हे डोकं वच्छलाचं. ती केस रिठ्यानंच धुवायची. गॅरेजात बाकाखाली झाकणाच्या एका डब्यात रिठे भिजत घालून ठेवायची, निम्मं पाणी तिच्या केसांना, निम्मं माझ्या गळत्यांना.

आता गुलाबरावाची गाडी. पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप. बागेतून संत्रा भरून मंडीत आणायचा आणि सगळी गाडी पेट्रोलचा वास मारायची. व्यापारी संत्रा सोलून हुंगायचे आणि तोंड वाकडं करायचे. एका ठिकाणी त्यानं कॉम्प्युटर लावून घेतला. कॉम्प्युटरनं सांगितलं, वाफ गळून राहिली. कुठून, ते सांगितलं नाही. मशीन खोटं बोलत नाही, पण अर्धं बोलते, पुढाऱ्यासारखं. तिथं त्यांनी झाकण बदललं. वास तसाच. अजून एकदा झाकण बदललं. मग तो माझ्याकडे आला.

मला संत्र्याची चिंता नव्हती. मला चिंता होती त्याच्या कापराची. गुलाबराव रोज सकाळी गाडी काढायच्या आधी काचा बंद करून, म्हणजे वाऱ्यानं विझू नये म्हणून, डॅशबोर्डवरच्या देवापुढं कापूर पेटवायचा. मी कपाळावर हात मारला.

"अरे गुलाबराव, पेट्रोलच्या वासात कापूर लावतं तू?"

"देवाचं आहे नं काका. बाबापासून चालत आलं. खंड नाही पडला."

"आता पडू दे."

"नाही पडणार जी."

"मंग एक दिवस देव आन् तू संगच जाशीन. त्याचं मंदिर दुसरीकडेही आहे, तुहं घर एकच आहे."

तो हसला. ऐकणारा माणूस नव्हता. मी म्हणालो, गाडी इथं सोड, गळती सापडेपर्यंत देत नाही. म्हणून त्या दुपारी ती गाडी आमच्याकडे होती. मी झाकण पाहिलं, तोंडाची नळी पाहिली, कोळशाचा डबा पाहिला, खालून हात पोचेल तिथं फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही. आणि मग वच्छला आली आणि कप डाल्यात ठेवून गेली. डाल्यात टाकी नसते, नळी नसते. डाल्यात पत्रा असतो आणि पत्र्यावर संत्र्याचे क्रेट. मला वाटलं, बाईचं नाक आता म्हातारं झालं. हेच भांडण.

तिनं आत गेल्यावर हाक मारून सांगितलं, छातीत जळजळते, लिंबू-सोडा घेऊन जरा पडते. गुलाबराव एसटी पकडायला गेला. मी गाडीखालीच राहिलो. तिला खोटं पाडायचं होतं ना मला. चहा वरच राहिला, मी हात लावला नाही. बऱ्याच वेळानं, "नाही सापडलं तुहं काही वर," असं म्हणायला आत गेलो. ती कूलरपुढच्या खाटेवर होती. चष्मा डोळ्यांवर. सोड्याचा ग्लास अर्धा.

डॉक्टर आला, त्यानं सांगायचं ते सांगितलं. मुलगी मंगला कामठीला असते, ती ऑटो करून धावत आली. दिवस मावळायच्या आत घाटावरचं झालं. मी रडलो की नाही ते इथं लिहीत नाही. तो माझा मामला.

पण एक लिहितो. घाटावर एक ओळखीचा माझ्याजवळ सरकला, खांद्यावर हात ठेवला, दोनदा उसासा टाकला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे काही बोलाची वेळ नाही, पण माह्या गाडीच्या मागून खडखड आवाज येऊन राहिला." मी म्हणालो, "सायलेन्सरचा हँगर तुटला असेल." तो म्हणाला, "बरं झालं विचारलं." बाकीचे त्याच्याकडे रागानं पाहत होते. मला मात्र त्या सगळ्या संध्याकाळी त्याच्याच बोलण्याचा अर्थ लागला.

घरी आल्यावर बायकांनी घर धुतलं. रांजण, बादल्या, पितळी गुंड, सगळं भरलेलं पाणी ओतून दिलं, रीत आहे तशी. शेजारचे म्हणाले, "आता आराम करा." माणूस मेलं की जिवंत माणसाला आराम करायला सांगतात. त्यानं काय आराम होतो मला समजलं नाही.

सकाळी मी गॅरेजचं शटर वर केलं. मंगला धावत आली.

"बाबा! आज? सुतक आहे. लोक काय म्हणतीन?"

"लोकांना म्हणायला काही लागते, बाई. दुकान बंद असतं तर म्हणाले असते, म्हातारा खचला."

"तुम्ही करणार तरी काय आहात?"

"चहाचा कप उचलतो."

ती तोंडाला पदर लावून तिथंच दारात उभी राहिली.

कप होता तिथंच. चहावर साय धरली होती आणि सायीत एक मुंगी. मी डाल्यात चढलो. चढता येतं, कालही येत होतं. तेवढ्यात गुलाबराव पहिल्या एसटीनं आला. त्याला रात्री कोणाचा तरी फोन गेला होता. हातात पिशवी, डोळे लाल. पाया पडायला वाकला तर मी डाल्यात, पाय त्याच्या डोक्यापेक्षा उंच. त्याला काय करावं समजेना.

"काका, काकू..."

"हो."

"गाडीचं राहू द्या जी. मी गाडीसाठी नाही आलो."

"काहून राहू द्या? ती सांगून गेली जागा. बॅटरीची तार काढ, बाकाजवळचा पंप आण, आन् खिशातली काडीपेटी तिकडं मंगलाजवळ दे."

"काकूनं सांगितली? कधी?"

"तुह्यासमोर सांगितली. तू स्टुलावर बसून होता."

मी कप उचलला. खाली रबराची फाटकी मॅट होती. मॅट उचलली तर पत्रा गंजून त्याला हाताएवढं भोक पडलेलं. आत पाहिलं तर गवत. संत्र्याखाली टाकायचं गवत त्या भोकातून वर्षानुवर्षं खाली पडलेलं आणि बरोबर टाकीच्या माथ्यावर गादी झालेली. खालून ते दिसणं शक्यच नव्हतं. मी हात घातला, मुठी मुठी गवत काढलं. गवतात संत्र्याची वाळकी सालं निघाली, आणि उंदराच्या लेंड्या. उंदरानं गुलाबरावाच्या गाडीत संसार थाटला होता, आणि संत्र्याचा कंटाळा आला की तो टाकीवरची रबराची नळी चावत होता.

गुलाबराव भोकातून आत पाहत राहिला. "गवत," तो म्हणाला. "एवढं गवत. आन् वरून मी कापूर..."

"समजलं ना? आता चूप बस आन् पंप मार. हळू."

कोळशाच्या डब्याकडची नळी काढून तिला पंप लावला. फेस पाहिजे होता. बायकांनी घरातलं सगळं पाणी ओतलं होतं, पण गॅरेजातला बाकाखालचा डबा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. मी झाकण काढलं. रिठे फुगून मऊ झाले होते. तिनं आदल्या सकाळी घातले होते, आज डोक्यावरून न्हायचं म्हणून. मंगलाच्या ते लक्षात आलं. ती आत गेली आणि काठीला बांधलेला ब्रश घेऊन आली.

मी पाणी घोटलं, फेस आला. ब्रशनं भोकातून खाली नळीवर लावला. गुलाबरावानं पंप मारला. एकदा. परत एकदा. आणि त्या नळीच्या वळणावर, कपाच्या बरोबर खाली, बुडबुडा फुगला. फुटला. त्याच्यामागं दुसरा आला.

"आला," मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते माहीत नाही.

टाकी उतरवली, नळी बदलली, क्लिप आवळले, भोकावर पत्रा ठोकला. पुन्हा फेस लावून पाहिला. फेस शांत बसून राहिला. गुलाबराव म्हणाला, "काका, आता कापूर गाडीबाहेर लावीन. जमिनीवर." मी म्हणालो, "देवाला चालतं. तुलाच चालत नव्हतं." आत सतरंजीवर बसलेले लोक बाहेर डोकावून जात होते. एकानं विचारलं, "मिस्त्री, झालं काय?" मला कळलं नाही की तो कशाबद्दल विचारतो. मी म्हणालो, "झालं."

मग डब्यात उरलेल्या रिठ्याच्या पाण्यानं मी हात धुतले. एकदा धुतले, परत धुतले. आणि सवयीनं हात पुढं धरले. समोर गुलाबराव होता.

"हुंगून पाह्य गा," मी म्हणालो. "वास गेला काय?"

त्याला काही समजलं नाही. पण त्यानं आपल्या त्या मोठ्या मिशा माझ्या हातांवर टेकवल्या, डोळे मिटले आणि नीट, सावकाश हुंगलं.

"पेट्रोलचा नाही येत, काका," तो म्हणाला. "रिठ्याचा येते."

मी मान हलवली. मंगलानं ताट वाढायला घेतलं.